बिनस्वाराचा घोडा

अमरावती-अकोल्याच्या सगळ्या मुलखात माझ्या मैत्रिणीच्या मामांइतका भित्रा माणूस दुसरा नाही. असलाच, तर तो घाबरून घरात बसत असेल आणि म्हणून आपल्याला ठाऊक नसेल. मामा घरात बसत नाहीत. ते रोज सकाळी उठतात, भितात आणि भीतभीतच कामाला लागतात. लिफ्टला ते भितात. एका गिऱ्हाइकाचा सागवानी झोपाळा त्यांनी अमरावतीच्या एका इमारतीत जिन्याने, पाठीवर घेऊन, चौथ्या मजल्यावर चढवला आणि वर पोचल्यावर घाम पुसत घरमालकाला विचारलं, "तुमी रोज त्या पेटीत बसता? घरच्याईले सांगून बसता नं?" बँकेतल्या फिरत्या खुर्चीला ते भितात, रबरी शिक्क्याला भितात, पांढऱ्या जीपला भितात आणि 'कळविण्यात येते की' अशी सुरुवात असलेल्या प्रत्येक कागदाला भितात. त्यांना सही येते, चांगली वळणदार येते. पण करायच्या आधी तो कागद ते माझ्याकडून एकदा मोठ्याने आणि एकदा हळू आवाजात वाचून घेतात, मग उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूकडे बराच वेळ बघत राहतात. "मामा, इकडे काही लिहिलेलं नाही," मी सांगते. "आता नाई," मामा म्हणतात, "मागून लिवतीन."

आणि याच माणसाला अस्वलाची भीती वाटत नाही. सेमाडोहच्या पलीकडे त्यांचा ढाना, म्हणजे कोरकूंची वस्ती. तिथे उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायला गेले असताना झाडाच्या दुसऱ्या बाजूला अस्वल फुलं खात बसलं होतं. मामांनी आपल्या बाजूची फुलं वेचली, टोपली भरली आणि ते घरी आले. मी हे ऐकून थरारले, तर ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघू लागले. "अस्वलाचं काय वं पोरी, पोटापुरतं खाते अन् जाते. त्याले तुह्या जागेचा कागद नाई लागत."

त्यांची माझी पहिली भेट झाली ती अमरावतीला आमच्या वसतिगृहाच्या फाटकाबाहेर. माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण त्यांची भाची. ती आता धारणीकडे नर्स आहे. मामा तिच्यासाठी कुटकीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या डोंगरी धान्याच्या, लाडवांचा डबा घेऊन आले होते आणि रस्त्याच्या पलीकडे, पानाच्या ठेल्याआड, दोन तास उभे होते. कारण फाटकावर 'पुरुषांना प्रवेश नाही' अशी पाटी होती. फाटकाबाहेर उभं राहायला कोणाची मनाई नव्हती. "पन पाटी मह्याकडंच पाहून राह्यली होती," मामा म्हणाले. मला हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली. मी वाढले ती कामगार चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. देव्हारा असतो त्या कोपऱ्यात आमच्याकडे छापखान्यातून आलेल्या ताज्या, शाईचा वास असलेल्या कागदांची चवड असे, आणि त्यातल्या एका पत्रकावर बाबांनी ठळक अक्षरांत छापलेलं वाक्य मी अक्षरं जुळवून वाचायला शिकले: 'भीती हेच मालकाचं भांडवल.' फाटकासमोर घाबरून उभा असलेला तो मोठ्या हाडापेराचा, हातांना सागवानाचा पिवळसर डाग लागलेला माणूस पाहून माझ्या डोक्यात ते वाक्य वाजलं, आणि मी मनाशी ठरवून टाकलं की मामांची भीती आपण घालवायची. त्या वयात असले बेत फार सहज ठरतात.

तेव्हा मामा नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्यावर पहारेकरी होते. पहारेकरी म्हणून ते नामांकित होते, कारण भीतीने त्यांना झोपच लागत नसे. पण हातात काठी असली तरी खिशात पटाशी असायची. कारखान्याच्या मोडक्या खोक्यांच्या फळ्यांवर ते सूर्य, चंद्र, मोर आणि घोडे कोरत बसत. त्यांच्या बापाचा, आज्याचा हात त्यांच्यात उतरला होता. ते घोडे पाहिल्यावर मी आणि त्यांच्या भाचीने त्यांचा पिच्छा पुरवला. दुसऱ्याच्या फाटकावर उभं राहून आयुष्य काढायचं की स्वतःच्या हातातल्या विद्येवर उभं राहायचं, वगैरे वगैरे. माझं ते भाषण मला अजून पाठ आहे. मामांना माझ्या भाषणाचीही भीती वाटली असावी. एके दिवशी त्यांनी काठी परत केली आणि परतवाड्याबाहेर, चिखलदऱ्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून, टिनाचं एक शेड भाड्याने घेतलं. ढान्यावरची चार पोरंपोरी, जी दरवर्षी वीटभट्टीवर जायची, ती शेडमध्ये वाकस आणि पटाशी घेऊन बसली. कोरीव पाट, चौरंग, दारावरच्या पट्ट्या, बंगल्यांच्या नावाच्या पाट्या अशा वस्तू अमरावतीला, अकोल्याला जाऊ लागल्या. घाबरट माणसाचा धंदा चालू लागला.

त्याची रीत मात्र मामांचीच होती. लाकूड ते सरकारी डेपोतूनच घेतात, आणि त्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा जो ठसा असतो, तो त्यांनी आजवर एकदाही तासून टाकलेला नाही. पाट असो की चौरंग, लाकडाचा तो ठसेवाला तुकडा खालच्या बाजूला बसवलेला असतोच. उद्या कोणी विचारलं तर पाटाने स्वतःच आपली साक्ष द्यावी, अशी व्यवस्था. अकोल्याच्या प्रदर्शनात एक प्राध्यापक चौरंग उलटा करून त्या ठशाकडे फार आदराने पाहत राहिले आणि म्हणाले, "हे तुमच्या समाजाचं पारंपरिक चिन्ह का?" मामा विचार करून म्हणाले, "हाव साहेब. लय जुनं हाय. भेवाचं चिन्ह हाय." प्राध्यापकांनी ते वहीत टिपून घेतलं. मी बाजूला होते, खुलासा करणार होते, पण केला नाही. खोटं कुठे होतं त्यात?

दुसरी रीत नावाची. मामा कुठलीही वस्तू नाव घेतल्याशिवाय कोरत नाहीत. 'लाकडाले सांगा लागते, तू कोनासाठी हाय,' हे त्यांच्या बापाचं शिकवणं. प्रत्येक ठोक्यागणिक ते ओठांत ते नाव घेतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी मामा त्याचं नाव विचारतात. पण प्रदर्शनासाठी आधी करून ठेवलेल्या मालाचं गिऱ्हाईक कुठून आणणार? तिथे मामांनी तोड काढली होती. त्या वस्तू ते मेळघाटातल्या नद्यांच्या नावाने कोरतात. हा पाट सिपनेचा, हा गडग्याचा, हा खापऱ्याचा. "नदीले काही होत नाई," ते म्हणत. कोणाला काय व्हायचं होतं, ते तेव्हा मी विचारलं नाही. मी विचारलं ते एवढंच, की अमरावतीच्या अर्ध्या वकिलांच्या दारावर तुमच्या हातची पाटी आहे, मग माझ्या दारावर का नाही? मामा 'करतो, करतो' म्हणत राहिले. शेवटी मी नवी खोली घेतली तेव्हा त्यांनी पाटी आणली: हळदूचं पिवळं गुळगुळीत लाकूड, एका टोकाला सूर्य, एका टोकाला चंद्र, भोवती वेल, आणि मध्ये, जिथे नाव हवं, तिथे काहीच नाही. "नाव राहिलं, मामा." "हाव," मामा खाली बघत म्हणाले, "राहू दे." मला वाटलं, कामाच्या घाईत माणसं आपल्या लोकांनाच गृहीत धरतात. मी थोडी रुसले आणि ती कोरी पाटी तशीच ठोकली.

नावाची भीती केवढी खोल आहे, हे मला अकोल्याच्या त्याच प्रदर्शनात दिसलं. संध्याकाळी कर्ण्यावरून उत्तम कारागीर म्हणून त्यांचं नाव पुकारलं गेलं, दोनदा, तीनदा. आणि मामा गायब. मी शोधत गेले तर ते गाळ्याच्या कापडामागे, उभ्या फळ्यांच्या आड, पायाची बोटं आवळून बसलेले. चेहरा राखेसारखा. सत्कार आहे मामा, शाल देणार आहेत, असं मी सांगत होते. ते माझ्याकडे बघतही नव्हते. शेवटी म्हणाले, "ढान्यावर नाव पुकारलं म्हनजे जीप आली." मग, लोकांची पांगापांग झाल्यावर, त्यांनी सांगितलं. त्यांचा आजा वारला तेव्हा बापाने त्याच्या मुंड्यासाठी सागवान तोडून आणलं होतं. मुंडा म्हणजे मेलेल्याच्या नावाने कोरलेला खांब. त्यावर वर सूर्य-चंद्र आणि खाली घोड्यावर बसलेला तो माणूस. सिडोलीच्या विधीत तो खांब उभा केला की मेलेला आपल्या पूर्वजांत जाऊन मिळतो. वनखात्याची जीप आली, बापाचं नाव पुकारलं, बापाला नेलं आणि ते लाकूडही नेलं. बाप काही दिवसांनी आला. लाकूड आलं नाही. ते कचेरीच्या मागे पावसात पडून कुजलं. "माहा आजा लय वर्सं तसाच राह्यला," मामा म्हणाले. "ना इकडं, ना तिकडं. उभा." ज्या जंगलात यांच्या पिढ्या गेल्या, तिथलं एक लाकूड यांच्या मेलेल्याला मिळू नये आणि वर चोर यांनीच ठरावं, यावर मी तिथल्या तिथे एक पत्रक लिहून काढलं असतं. पण मामांच्या पायाची बोटं अजून आवळलेली होती, आणि पत्रकात त्यांचं काय करायचं ते मला सुचेना.

हे सगळं ठाऊक असून मीच ते काम आणलं, हे कबूल करायला हवं. चिखलदऱ्याच्या वाटेवर एक मोठं हॉटेल उभं राहत होतं. त्याच्या व्यवस्थापकाला जेवणघरात लावायला सहा खांब हवे होते, पुरुषभर उंचीचे. मी त्याला शेडवर घेऊन गेले. त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. कुठल्याशा ढान्याबाहेरच्या झाडाखालचे मुंडे होते ते. "असेच," तो म्हणाला. "सूर्य, चंद्र, घोडा, वर माणूस. लोकांना असलं अस्सल आवडतं."

मामांनी फोटो पाहिला आणि हात पाठीमागे घेतले. "साहेब, जेवनाच्या जागी?"

"का? काय झालं?"

"तुमच्या घरी जेवनाच्या खोलीत मेलेल्या मानसाचा फोटो लावते का?"

व्यवस्थापक प्रामाणिक माणूस होता. "लावतात की," तो म्हणाला. "आमच्या आजोबांचा आहे. फ्रिजच्या वर."

मामांनी फोटोकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पन तो आजा तरी तुमचाच हाय नं."

त्या क्षणी मी मामांच्या बाजूने उभं राहायला हवं होतं. पण गाडं अडलं होतं. भाडं थकलं होतं आणि शेडच्या मालकाने जागा रिकामी करा म्हणून तगादा लावला होता. हे काम मिळालं तर शेड राहणार होतं, नाहीतर पोरं वीटभट्टीवर आणि मामा पुन्हा फाटकावर. मी त्यांना बाजूला घेतलं आणि माझ्या मते फार हुशारीचा तोडगा सांगितला. खांब करा, पण नाव माणसाचं घेऊच नका. नदीचं घ्या. पाटाला चालतं तर खांबाला का नाही? मामा पटाशीची धार अंगठ्यावर घासत उभे राहिले. "नदी मरते," ते स्वतःशीच म्हणाले. "उन्हाळ्यात मरते. पन येते वापस." आणि मग, "चालन. मेली तरी येते ते."

एकच अडचण होती, ती पुढे लक्षात आली. खांब सहा होते आणि नद्या पाच: सिपना, गडगा, खापरा, खंडू आणि डोलार. सहावी नदी मामांना सापडेना. मी वर्धा सुचवली, पूर्णा सुचवली. "ते आपल्या वळखीच्या नाईत," मामा म्हणाले. अनोळखी नदीचं नाव लाकडात घालायला ते धजेनात. पाच खांब झाले, आणि काय झाले म्हणून सांगू. पाच घोडे, पाच वेगळ्या चालींचे. सिपनेचा संथ, खापऱ्याचा उधळलेला. स्वारांच्या अंगावर पाण्याच्या लाटांसारख्या रेघा. प्रत्येकाचा डोळा मात्र अगदी शेवटी, कारण मामांच्या घराण्यात डोळा उघडताना जे नाव तोंडात असेल त्याचा तो मुंडा होतो, अशी समजूत. सहावा खांब डोळ्यापर्यंत येऊन थांबला. मामा त्याच्यासमोर रोज बसत, पटाशी डोळ्याच्या जागी टेकवत आणि नदी आठवत.

आता मामींबद्दल सांगायला हवं. मामा जगातल्या सगळ्या गोष्टींना भितात तितक्याच गोष्टींना मामी हसतात. शेडला लागूनच त्यांची खोली. बारीक चणीच्या, मोठ्या आवाजाच्या, साप दिसला तर त्याला 'चाल, हो तिकडं' म्हणणाऱ्या. दोघांच्या लग्नाला तीस वर्षं झाली. मामांनी एकदाही त्यांना नावाने हाक मारलेली नव्हती. 'आयकलं का' एवढंच. ते नाव मीही इथे लिहीत नाही.

तर त्या दिवशी दुपारी मामी माळ्यावरून कुटकीची कोठी काढायला शिडीवर चढल्या होत्या, आणि मामा दाराशी सहाव्या खांबासमोर बसले होते. डोळ्याच्या जागी पटाशी टेकवलेली, हातोडा उचललेला. शिडी सरकली. मामी कोठीसकट खाली आल्या. आणि तीस वर्षांत तोंडावर न आलेलं ते नाव मामांच्या तोंडून ओरडून बाहेर पडलं, त्याच क्षणी हातोडाही खाली आला. मामी कुटकीच्या ढिगावर बसून हसत होत्या, गुडघा खरचटला होता तेवढाच. मामा वळले तर खांबावरच्या स्वाराने डोळा उघडला होता.

मला फोन आला तो शेडमधल्या पोरीचा. "ताई, या. मामा जेवून नाई राहिले." मी गेले तेव्हा मामा मामींच्या पाठोपाठ फिरत होते. त्या चुलीशी गेल्या की हे चुलीशी, त्या हापशावर की हे हापशावर. खांबावर त्यांनी घोंगडी टाकली होती.

"मामा, हा योगायोग आहे," मी म्हणाले. "लाकडाला कान नसतात. मामींना काही होणार नाही."

"हे तुह्या बापाच्या कागदावर लिवलं हाय काय?"

"हो."

"त्याच्यावर सही हाय काय कोनाची?"

मी म्हटलं, मग तो डोळा पुन्हा तासून टाका, सपाट करा. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गळा दाबायचं सुचवलं होतं. "उघडलेला डोळा मिटवू काय मी? मह्या हातानं? तिचा?" भीती काय असते ते मी पत्रकांत पुष्कळ वाचलं होतं, पण ती माणसाच्या हनुवटीवर थरथरताना पाहिली नव्हती.

चौथ्या दिवशी व्यवस्थापक टेम्पो घेऊन आला. पाच खांब पाहून खूश झाला. सहावा कुठे म्हणाला. मामा घोंगडीपुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. लिफ्टला भिणारा, शिक्क्याला भिणारा, पाटीला भिणारा हा माणूस एका कोट घातलेल्या साहेबापुढे उभा राहून म्हणाला, "हा नाई देनार."

"अहो, सहा ठरलेत. तिथे सहा जागा केल्यात. पाच नेऊन मी काय करू? सहा द्या, नाहीतर राहू दे सगळे."

"राहू द्या."

चारही पोरांचे हात थांबले. शेड राहणार की जाणार ते त्या दोन शब्दांत ठरत होतं, आणि सगळ्यांना ते कळत होतं. मी तोंड उघडणार तोच मामी खोलीतून बाहेर आल्या, पदराला हात पुसत. त्यांनी घोंगडी ओढून काढली आणि खांब पहिल्यांदाच नीट पाहिला. खालपासून वर, स्वाराच्या चेहऱ्यापर्यंत.

"नाक लय मोठं केलं माहं," त्या म्हणाल्या.

मामींनी मग मामांकडे पाहिलं. "माह्या नावाचा हाय नं हा? मंग कुठं उभा कराचा ते मी सांगन. घरात राहीन. लागन तवा लागन, तवा धावाधाव नोको लाकडासाठी, जीप नोको. तुमच्या आज्यासारखं उभं राहाचं नाई मले." आणि व्यवस्थापकाकडे वळून, "तुमाले सहावा पाह्यजे नं? तीन दिस थांबा. घोडा करून देते हे. वर कोनी नाई."

"नुसता घोडा?" व्यवस्थापक म्हणाला.

"बसनारा याचा हाय अजून," मामी म्हणाल्या.

मामांनी तीन दिवसांत तो खांब केला. वर सूर्य आणि चंद्र, खाली खोगीर घातलेला, मान वळवून मागे पाहणारा घोडा, आणि पाठ रिकामी. कोणाचंही नाव न घेता त्यांनी कोरलेली ती पहिलीच वस्तू, असं तेव्हा मला वाटलं. दात घट्ट आवळून, तोंडात कडुनिंबाची काडी धरून त्यांनी काम केलं, चुकून काही निघू नये म्हणून. व्यवस्थापकाला तोच सगळ्यांत आवडला. शेड राहिलं. पोरं वीटभट्टीवर गेली नाहीत. आता चारची सात झाली आहेत, आणि बिनस्वाराच्या घोड्याची मागणी थेट अकोल्याहून येते. पण मामांनी ते काम पुन्हा कधीच घेतलं नाही. कारण हॉटेलात काय होतं ते त्यांना कळलं: येणारे जाणारे त्या घोड्यापुढे अशा अंतरावर उभे राहतात की फोटोत आपणच स्वार दिसावं. हे ऐकल्यापासून मामांना त्या सगळ्या अनोळखी माणसांची काळजी लागली आहे. दर हंगामात ते व्यवस्थापकाला फोन करून विचारतात, "आलेले पाव्हणे सारे बरे गेले नं घरी?" व्यवस्थापकाला वाटतं, काय हा माणूस, किती आपुलकी.

मामींचा मुंडा खोलीत दारामागे उभा आहे. तोंड भिंतीकडे, कारण मामांना त्याची नजर सोसत नाही. मामी त्याला आपलं जुनं लुगडं गुंडाळून ठेवतात आणि खुंटी म्हणून त्यावर छत्री अडकवतात. मागच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. साधाच होता; भाची धारणीहून आली, सुई दिली, दोन दिवसांत उतरलाही. त्या दोन दिवसांत मीही तिथे होते. दुपारी मामींना डोळा लागला होता आणि मामा उशाशी बसून त्यांच्या छातीची हालचाल मोजत होते. पाणी आणायला म्हणून मी उठले, दारामागे गेले, आणि माझा हात आपोआप त्या खांबाकडे गेला. लुगडं घसरलं होतं, ते मी वर ओढून त्या डोळ्यावर नीट बसवलं. मामा बघत होते. बाबांच्या पत्रकातल्या ठळक वाक्याचं मी काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सगळीच भीती मालकाची नसते, एवढं कळलं. काही आपली असते. कोणी आपलं असलं म्हणजे ती असतेच.

हल्ली मी फोन केला की आधी मामांशी काही बोलत नाही. पलीकडून भांड्याचा आवाज, मामींचा खोकला किंवा कोंबडीला दिलेली शिवी ऐकू आली, की मग म्हणते, "बोला मामा." त्यांनाही ते ठाऊक आहे. ते फोन आधी चुलीकडे धरतात.

माझ्या दारावरची पाटी अजून कोरीच आहे. कुरिअरवाला दर वेळी खालून ओरडतो, घर कुठलं ते कळत नाही म्हणतो, शेजारच्या काकू रंगाने नाव लिहून देते म्हणतात. मी नको म्हणते. मामांना वकिलांची नावं चालतात, साहेबांची चालतात. मामींचं नाव तीस वर्षं तोंडावर आलं नाही, तसंच माझं त्यांनी लाकडाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी कुलूप उघडताना सूर्य आणि चंद्र यांच्यामधल्या त्या रिकाम्या पिवळ्या जागेवरून माझा हात फिरतो, आणि हळदूचं लाकूड असं गुळगुळीत लागतं, की वाटतं, कोणीतरी तिथे पुन्हा पुन्हा, पटाशी न टेकवता, नुसताच अंगठा फिरवला असावा.